शैलेंद्र : आपल्या माणसाचे गाणे आपणच ओळखले नाही

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटलेला जनसागर ओसरतो. शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे आणि भीमगीतांचे स्टॉल उठतात. त्यानंतर बरोबर आठ दिवसांनी १४ डिसेंबर येतो आणि कोणाच्या लक्षातही न येता निघून जातो. १९६६ साली याच तारखेला मुंबईत अवघ्या ४३ वर्षांच्या एका कवीने जगाचा निरोप घेतला. त्याची गाणी आपल्यातल्या प्रत्येकाने ऐकली आहेत आणि बहुतेकांनी गुणगुणली आहेत. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात आणि रात्रपाळी संपवून परतताना त्यांनीच सोबत केली आहे. त्या कवीचे नाव शैलेंद्र. तो चर्मकार समाजात जन्मला होता, हे मात्र चळवळीतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात सिनेमाच्या गाण्यांचे काय काम, असा प्रश्न काही वाचक विचारतील. आमच्यातले काही विचारवंतही सिनेमाचे गाणे म्हणजे लोकांना झोपवणारी गोळी असे मानतात. या आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे आम्ही म्हणणार नाही. सिनेमाने बाजारू गाणी ढिगाने दिली, हे खरेच आहे. पण आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत ज्या चालींवर भीमगीते गायली जातात, त्यातल्या कितीतरी चाली सिनेमाच्या आहेत. आपल्या गायकांनी त्या का उचलल्या? अक्षर न ओळखणाऱ्या माणसाच्या काळजापर्यंत त्या आधीच पोहोचल्या होत्या, म्हणून. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादांच्या गीतांपर्यंत आपली चळवळ गाण्यावर वाढली. गाण्याची ताकद आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. तरीही सिनेमाच्या गाण्याकडे पाहताना आपण इतरांचा चष्मा का लावतो, हा आमचा प्रश्न आहे आणि शैलेंद्र यांचे जीवन हे त्याचे उत्तर आहे.

शैलेंद्र यांचे मूळ नाव शंकरदास केसरीलाल. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १९२३ रोजी रावळपिंडीला झाला. घराणे मूळचे बिहारच्या आरा भागातले. पोटासाठी घर सोडावे लागलेल्या लाखो कुटुंबांपैकी ते एक. पुढे हे कुटुंब मथुरेला आले. शंकरदासचे बालपण आणि शिक्षण तिथेच झाले. घरात दारिद्र्य होते आणि आईचे छत्र लवकर हरपले. मथुरेचीच एक आठवण सांगितली जाते. शंकरदासला हॉकीचा मोठा नाद होता. एकदा मैदानात काही सवर्ण मुलांनी त्याच्या जातीवरून टोमणा मारला, आता हे लोकही खेळायला लागले अशा अर्थाचा. त्या मुलाने हातातली हॉकी स्टिक मोडून टाकली आणि त्या खेळाचे नाव सोडले. बाबासाहेबांना शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले होते. त्यानंतर कित्येक वर्षांनी आणि शेकडो मैलांवर तोच दंश दुसऱ्या एका मुलाच्या वाट्याला आला. तो दंश घेऊन शंकरदास कवितेकडे वळला.

कवितेने मात्र पोट भरत नव्हते. म्हणून रेल्वेची नोकरी धरली. स्वातंत्र्याच्या सुमारास ते मुंबईत माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या कामाला लागले. माटुंगा-परळचा तो पट्टा आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. वर्कशॉप, गिरण्या, चाळी, जवळच लेबर कॅम्प. आपल्या बापजाद्यांनी याच पट्ट्यात घाम गाळला आणि इथेच रात्रशाळा, जलसे आणि सभा यांतून ते शहाणे झाले. दिवसा ठिणग्या उडवायच्या आणि सुटी झाली की इप्टाच्या मंचावर, कामगारांच्या सभेत कविता म्हणायची, असा शंकरदासचा क्रम सुरू झाला. जोरजुलमाला संपाने उत्तर देण्याची जी घोषणा आजही हिंदी मुलखातल्या कामगार मोर्चांत दुमदुमते, ती याच वेल्डरने लिहिली आहे. घोषणा देणाऱ्या हजारोंना तिचा कर्ता माहीत नसतो. लोककवीचे भाग्यही तेच आणि दुर्दैवही तेच.

याच मंचावर आपले अण्णाभाऊ साठे होते. अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक घेऊन ते मुंबईचे कामगार मैदान गाजवत होते. एक मातंग समाजातला शाहीर, दुसरा चर्मकार समाजातला कवी. शैलेंद्र यांचा 'न्यौता और चुनौती' हा कवितासंग्रह १९५५ साली निघाला. तोवर ते सिनेमात नावारूपाला आले होते. मोठमोठे निर्माते आणि नट त्यांच्या ओळखीचे होते. पण तो संग्रह त्यांनी अर्पण केला अण्णाभाऊंना. या एका गोष्टीवरून त्यांची नाळ कुठे जुळलेली होती, हे कळते.

सिनेमात ते आपण होऊन गेले नाहीत. फाळणीच्या आगीत होरपळणाऱ्या पंजाबवर त्यांनी लिहिलेली कविता इप्टाच्या कार्यक्रमात राज कपूर यांनी ऐकली आणि आपल्या पहिल्या चित्रपटासाठी ती विकत मागितली. शैलेंद्र यांनी नकार दिला. कविता विकायला काढलेली नाही, असा त्यांचा बाणा होता. पुढे लग्न झाले, पत्नी गरोदर राहिली आणि रेल्वेच्या पगारात भागेना. तेव्हा तेच शैलेंद्र राज कपूर यांच्याकडे गेले. ५०० रुपये मिळाले आणि त्याबदल्यात 'बरसात'साठी दोन गाणी लिहून झाली. हा चित्रपट १९४९ साली आला आणि त्याच्या गाण्यांनी देश वेडा झाला. काही लोक याला तत्त्वाशी तडजोड म्हणतील. आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या शिल्लक नसते, त्याला बाळंतपणाच्या खर्चासाठी कुठे ना कुठे हात पसरावा लागतो. शैलेंद्र यांनी हात पसरला, पण लेखणी गहाण टाकली नाही.

'बरसात'च्या त्या चमूकडे जरा निरखून पाहावे. संगीतकार शंकर हैदराबादेत वाढलेले, जयकिशन गुजरातमधल्या बांसद्याचे. दुसरे गीतकार हसरत जयपुरी मुंबईत बस कंडक्टर होते आणि शैलेंद्र वेल्डर. पुढे या चमूच्या वाद्यवृंदाची बांधणी करणारे सॅबेस्टियन डिसोझा गोवेकर. घराणी, गुरुकुले आणि संस्कृत पाठशाळा यांनी ज्यांना कधी दारात उभे केले नसते, अशा माणसांनी मिळून हे संगीत घडवले. बहुतेक वेळा चाल आधी तयार व्हायची आणि तिच्या मापात शब्द बसवावे लागायचे. हे काम कारागिराचे आहे. शब्द मापाचा हवा, गाणाऱ्याच्या जिभेला सोपा हवा आणि ऐकणाऱ्याच्या मनाला भिडणाराही हवा. शैलेंद्र यांनी जड उर्दू आणि संस्कृताळलेली हिंदी दोन्ही बाजूला ठेवली. शेतमजूर, हमाल आणि गाडीवान यांच्या तोंडची भाषा घेतली. त्यांच्या गाण्यात शब्दकोश लागणारा शब्द क्वचितच सापडतो. विद्वानांना ते सोपे वाटले. पण सोपे लिहिणे किती कठीण असते, हे आपल्या शाहिरांना विचारावे.

१९५१ साली 'आवारा' आला. या चित्रपटातला न्यायाधीश असे मानतो की सज्जनाचा मुलगा सज्जन आणि चोराचा मुलगा चोरच होणार. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारे हे तत्त्वज्ञान आपल्याला नवे नाही. हजारो वर्षे आपण त्याचेच चटके सोसले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या कथेने ते खोडून काढले. पण लोकांच्या लक्षात न्यायालयातला युक्तिवाद किती राहिला? राहिले ते मुकेश यांनी गायलेले शीर्षकगीत. ज्याचे या जगात कोणी नाही, असा भटक्या आपल्या दुःखाला हसत हसत रस्त्याने चालतो, एवढेच त्या गाण्यात आहे. ते रशियात गेले, चीनमध्ये गेले आणि हिंदीचे अक्षरही न कळणाऱ्या माणसांनी ते आपलेसे केले. युक्तिवाद डोक्याला पटतो, गाणे छातीत शिरते. माणसाला बदलायला दोन्ही लागतात.

हे सारे घडत असताना दिल्लीत काय चालले होते? १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडते, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि शास्त्रीय संगीताचा रतीब सुरू झाला. शास्त्रीय संगीताशी आमचे वैर नाही. पण कोणाचे गाणे शुद्ध आणि कोणाचे अशुद्ध, हे ठरवण्याचा अधिकार मूठभरांनी आपल्या हाती घेतला होता. सोवळे-ओवळे स्वयंपाकघरातून निघून रेडिओ स्टेशनात शिरले होते. लोकांनी त्याला आपल्या पद्धतीने उत्तर दिले. त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' घराघरांत पोहोचली. अखेर १९५७ साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. मोर्चा न काढता, निवेदन न देता सामान्य माणसाने जिंकलेली ही लढाई होती.

त्या काळात शैलेंद्र काय लिहीत होते, ते पाहा. १९५३ साली बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. जमीनदाराच्या कर्जापायी दोन बिघे शेत वाचवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा. सलील चौधरी यांचे संगीत आणि शैलेंद्र यांची गीते. पावसाच्या आगमनाने हरखून गेलेल्या शेतकऱ्यांचे समूहगीत ज्याने ऐकले आहे, त्याला जमीन हातची जाणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. पुढे १९५९ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन रस्त्यावर उतरले, ते याच भुकेपायी. १९५४ साली 'बूट पॉलिश' आला. भीक मागायला लावलेली दोन अनाथ मुले भीक सोडून कष्टाने जगायचे ठरवतात. आपले भवितव्य आपल्याच हाती आहे, हा आशय शैलेंद्र यांनी लहान मुलांच्या तोंडी दिला. लाचारी सोडा, स्वाभिमानाने जगा, ही बाबासाहेबांची शिकवण या गाण्यापासून किती दूर आहे? आमच्या मते फार दूर नाही.

आणि मग 'बंदिनी'. हा चित्रपट १९६३ साली आला. स्त्रियांचा तुरुंग. एक कैदी बाई जात्यावर दळते आहे. दळता दळता ती बापाला विनवते की यंदा श्रावणात भावाला मला न्यायला पाठव. सचिनदेव बर्मन यांची चाल आणि आशाबाईंचा आवाज. गाणे चालू असते आणि एकेक कैदी बाई हातातले काम विसरून ऐकत राहते. त्यांना माहेरी कोणी नेणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही.

आमच्या आयाबायांनी हे गाणे ऐकले तेव्हा त्यांना हिंदी फारशी येत नव्हती. तरी त्यांचा पदर डोळ्याला लागला. कारण जाते त्यांच्या ओळखीचे होते. पहाटे जात्यावर बसून माहेरची आठवण काढणे, भावाची वाट पाहणे हे त्यांनी स्वतः केले होते. याच जात्यावर पुढे बाबासाहेबही आले. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी गावोगाव फिरून ज्या हजारो ओव्या गोळा केल्या, त्यांत भीमाच्या ओव्याही आहेत. जात्यावरच्या बाईचे दुःख विद्यापीठाला दिसायच्या कितीतरी आधी शैलेंद्र यांनी ते थिएटरातल्या हजारो माणसांना ऐकवले. सिनेमाच्या गाण्याची ताकद म्हणतात ती हीच. जिला आयुष्यात कोणी तू कशी आहेस असे विचारले नाही, त्या बाईला वाटले की माझे दुःख कोणाला तरी कळले.

याच १९६३ साली मराठीत बाबूराव बागुल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेतच नोकरीला आहे आणि परमुलखात डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून त्याला जात लपवावी लागते. शैलेंद्र यांच्या नावातून शंकरदास गळाला आणि केसरीलालही गळाला. त्यांनी जात चोरली, असा आरोप आम्ही करणार नाही. जी व्यवस्था माणसाला आडनाव विचारून घर देते आणि जात विचारून पाणी देते, चोर तीच आहे. पण एवढे खरे की त्यांच्या हयातीत रसिकांना गीतकार शैलेंद्र माहीत होते आणि चर्मकाराचा मुलगा शंकरदास माहीत नव्हता.

मान मिळाला. गीतकारासाठीचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार 'यहुदी'च्या गीताला मिळाला, पुढे 'अनाडी'च्या गीताला, आणि 'ब्रह्मचारी'च्या गीताला मिळाला तेव्हा ते हयात नव्हते. १९६३ साली आलेल्या पहिल्या भोजपुरी चित्रपटाची गीतेही त्यांचीच. बापजाद्यांच्या बोलीचे ऋण त्यांनी असे फेडले. 'बंदिनी'तले एक गाणे त्यांनी मोटार गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका तरुण कवीला लिहायला लावले. तो तरुण म्हणजे गुलजार. १९६५ साली 'गाइड' आला. देवदासीच्या पोटी जन्मलेली रोझी नवऱ्याचे बंधन झुगारून देते, तेव्हा तिच्या तोंडी शैलेंद्र यांनी जगण्याच्या इच्छेचे गाणे घातले. १९३६ साली बाबासाहेबांनी मुंबईत देवदासी आणि मुरळ्या यांना ते जिणे सोडून देण्याचे आवाहन केले होते. ते जिणे सोडताना बाईला आतून काय वाटत असेल, हे लताबाईंच्या आवाजात ऐकू येते.

पण याच दिवसांत शैलेंद्र आपल्या आयुष्याचा शेवटचा डाव मांडून बसले होते. फणीश्वरनाथ रेणू यांच्या कथेवर 'तीसरी कसम' हा चित्रपट त्यांनी स्वतः निर्माण करायला घेतला. बैलगाडी हाकणारा भोळा हिरामन आणि नौटंकीत नाचणारी हिराबाई. राज कपूर आणि वहिदा रहमान यांनी या भूमिका केल्या. दिग्दर्शन बासू भट्टाचार्य यांचे. तमाशातल्या बाईच्या वाट्याला येणारी वाहवा आणि तिच्याच वाट्याला येणारी हेटाळणी ज्या महाराष्ट्राने पाहिली आहे, त्याला हिराबाई परकी वाटणार नाही. चित्रपट वर्षानुवर्षे रखडला. कर्ज वाढत गेले. शेवट गोड करा, दोघांना एकत्र आणा, म्हणजे चित्रपट चालेल, असा सल्ला जवळच्यांनीच दिला. शैलेंद्र यांनी ऐकले नाही. गाडीवान आणि नाचणारी बाई यांच्या आयुष्याचा शेवट गोड होत नसतो, हे त्यांना माहीत होते. पाचशे रुपयांसाठी हात पसरणारा माणूस इथे मात्र लाखांच्या कर्जातही वाकला नाही.

१९६६ साली 'तीसरी कसम' प्रदर्शित झाला आणि पडला. खचलेल्या शैलेंद्र यांनी १४ डिसेंबरला देह ठेवला. तो राज कपूर यांचा वाढदिवस होता. नंतर त्याच चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पदक आले तेव्हा ते घ्यायला निर्माता नव्हता. अडीच वर्षांनी, जुलै १९६९ मध्ये, अण्णाभाऊही दारिद्र्यात गेले. एकाचे वय ४३, दुसऱ्याचे ४८.

त्यांच्या निधनानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, २०१३ साली, 'अंदर की आग' या त्यांच्या कवितांच्या संग्रहाच्या निमित्ताने त्यांच्या मुलाने घराण्याची जात उघडपणे सांगितली. त्यावर काहींनी नाके मुरडली. कवीला जात असते काय, असा प्रश्न आला. प्रश्न फार उदात्त आहे. पण तो नेहमी आपल्याच माणसाच्या वेळी कसा विचारला जातो? हॉकीच्या मैदानावर शंकरदासला जात होती. सुवर्णपदक मिळाल्यावर तेवढी ती नाहीशी होते काय?

आम्हाला शैलेंद्र यांना आंबेडकरवादी ठरवायचे नाही. ते डाव्या चळवळीतले होते आणि जातीच्या प्रश्नावर त्यांनी उघड लढा उभारला नाही. खोटे श्रेय देणे हा त्यांचाही अपमान आणि बाबासाहेबांच्या सत्यनिष्ठेचाही. त्यांचा फोटो आणून भिंतीवर टांगा, असेही आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की त्यांचे गाणे आपण आपले म्हणून ऐकावे. सुमारे ८०० गाणी या माणसाने लिहिली. त्यांत हमाल आहे, गाडीवान आहे, बूट पॉलिश करणारी पोरे आहेत, जात्यावरची कैदी बाई आहे. ज्यांना पोथीत जागा नव्हती, त्यांना त्याने रेडिओत जागा दिली. अशा गाण्याला हलके म्हणणारा माणूस नकळत त्या हमालाला आणि त्या बाईलाही हलके म्हणत असतो.

२०२३ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. आपल्या व्यासपीठांवर तिचा गाजावाजा झालेला आमच्या तरी पाहण्यात आला नाही. झाले ते झाले. पण यापुढे १४ डिसेंबरला एखाद्या बुद्धविहारात, वाचनालयात, वस्तीतल्या समाजमंदिरात 'बंदिनी'तले ते जात्यावरचे गाणे लावावे. शेजारी आपल्या म्हाताऱ्या आज्यांना बसवावे आणि गाणे संपल्यावर त्यांनाच बोलू द्यावे. सिनेमाच्या गाण्यात काय असते, यावर त्या जे सांगतील ते कोणत्याही समीक्षकापेक्षा खरे असेल. आणि बोलता बोलता एखादी आजी भीमाची ओवी गायला लागली, तर तिला कोणी थांबवू नये.

जयभीम!